हिवतापाच्या देशी लसीची जबाबदारी सरकारने सोडू नये : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जुलै २०२५ मध्ये ‘अ‍ॅडफाल्सीवॅक्स’ ही हिवतापाची देशी लस जाहीर केली आणि तिचे तंत्रज्ञान घेण्यासाठी कंपन्यांना बोलावले. उंदरांवरचे निकाल आशादायक आहेत. पुढच्या, माणसांवरच्या चाचण्यांचा खर्च आणि जबाबदारी सरकारने स्वतःकडे ठेवावी, यासाठी हे पत्र. फाल्सीपेरम या परजीवीमुळे होणारा हिवताप आज आपल्याकडे मुख्यतः गडचिरोलीतल्या धानोरा, भामरागड, एटापल्ली, बस्तर, दक्षिण ओडिशा अशा जंगलपट्ट्यांत उरला आहे. तिथे लस विकत घेणारे कोणी नाही. सरकार मागे हटले, तर ही लस फायलीत पडून राहील.

मी गडचिरोलीत रक्ताच्या काचपट्ट्या तपासतो. सर्वेक्षणात आलेल्या एखाद्या पट्टीवर केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (परजीवीचे डासांमार्फत पसरणारे रूप) दिसतात आणि नोंदीत लिहिलेले असते : ‘ताप नाही’. तो माणूस शेतावर जातो, अंगणात झोपतो आणि त्याला चावलेला डास शेजारच्या घरी रोग नेतो. या लसीचे दोन भाग आहेत; त्यांतला दुसरा हा प्रसारच रोखण्यासाठी आहे, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

पहिला भाग सीएसपी या प्रथिनाचा. डासाने सोडलेल्या परजीवीच्या अंगावर त्याचेच आवरण असते. लसीमुळे शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांनी, म्हणजे रोगजंतूला अडवणाऱ्या घटकांनी, त्याला यकृतात शिरण्याआधीच गाठायचे असते. वेळ फार थोडा मिळतो. एक जरी निसटला, तरी यकृतातून हजारो बाहेर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ मधली आर२१ या दोन्ही लसी याच प्रथिनावर बेतल्या आहेत. आर२१ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. आफ्रिकेतल्या हंगामी हिवतापाच्या भागांत पहिल्या वर्षी तिने सुमारे ७५ टक्के संरक्षण दिले; पुढे ते ओसरते, म्हणून चौथा डोस द्यावा लागतो.

दुसऱ्या भागात पीएफएस२३० आणि पीएफएस४८/४५ ही प्रथिने आहेत. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तासोबत डासाच्या पोटात जातात आणि परजीवीचे फलन तिथेच रोखतात. म्हणजे एकाने घेतलेली लस शेजाऱ्याला वाचवते. आमच्या गावांना नेमके हेच हवे आहे.

पण साहेब, प्रथिन निवडले म्हणजे काम झाले असे नाही. आफ्रिकेतल्या मालीमध्ये परजीवीच्या एएमए१ या प्रथिनावरची लस मुलांवर तपासली, तेव्हा ती लसीतल्या वाणाशी जुळणाऱ्या परजीवींपुरतीच चालली. बाकीच्यांपुढे ती निष्प्रभ ठरली. उलट आरएच५ हे प्रथिन फारसे बदलत नाही आणि त्याच्याशिवाय परजीवी तांबड्या पेशीत शिरू शकत नाही. त्यावरच्या लसीने बुर्किना फासोत सुमारे ५५ टक्के संरक्षण दिले. म्हणून चाचणीआधी गडचिरोली, बस्तर आणि ओडिशातल्या परजीवींमधल्या, लसीतली प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचा क्रम तपासावा. लसीतले प्रथिन इथल्या वाणांशी किती जुळते, हे त्यातून कळेल.

सोबत इथल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडेही मोजावीत. १९६१ मध्ये गांबियात हिवतापाला सरावलेल्या प्रौढांची प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. वारंवार तापातून गेलेल्या माणसाचे शरीर कोणती प्रथिने ओळखते, हे आमच्या भागात पद्धतशीर तपासायला हवे. नमुने आमच्याच प्रयोगशाळांतून जातात. गरज आहे ती निधीची, शीतसाखळीची आणि माणसांची.

चाचणी इथे होईल तेव्हा ती ग्रामसभेत माडिया आणि गोंडीत समजावून सांगितलेली असावी. काही दुष्परिणाम झाला तर उपचार कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी लिहून द्यावे. पावसाळ्यात रस्ता बंद असतो, तेव्हा रुग्ण कसा हलवणार हेही त्यात असावे. यांपैकी चाचण्यांचा निधी आणि जनुकांची तपासणी या दोन बाबींवर पुढच्या अर्थसंकल्पाआधी आपण निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातला एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ