तापकीर गल्लीतल्या काकांना, मनापासून आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

ऐन गर्दीच्या वेळी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेऊन तुमच्या दुकानात आले होते, ती मी. त्याच्या पंख्याची घरघर थांबली, हे कळवायला आणि तुमचे चारचौघांत आभार मानायला हे पत्र.

आमच्या रास्पबेरी पाय ४ वर आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी फाइलींमध्ये उतरवण्याचं काम चालतं. रेकॉर्डिंग तारेतून होतं, त्यामुळे पंख्याचा आवाज फाइलमध्ये येत नाही. पण शेजारी बसून आई एकेक अभंग वहीत लिहून घेते आणि तिला एका कानाने कमी ऐकू येतं. जुन्या टेपची खरखर, त्यावर ही घरघर. पूर्वरंगातले कितीतरी शब्द निसटायचे. पंखा काढून ठेवला, तर प्रोसेसर ८० अंशांवर जाऊन आपला वेग कमी करायचा.

तुम्ही म्हणालात, "ताई, आधी फिरवून ऐकू द्या." पंखा कानाशी धरलात, पाती बोटाने हलवून पाहिलीत. आस ज्या नळीत फिरतो त्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण सुकलंय, म्हणून फिरणारा भाग, रोटर, डुगडुगतोय, हे तिथल्या तिथे सांगितलंत. वर बारीक शिट्टीसारखा सूर येतो तो संगणकाच्या डब्याच्या झाकणातल्या फटी पात्यांना खेटून असल्यामुळे, हेही. इतकं लक्ष देऊन कोण ऐकतं?

मी ४० मिलिमीटरचा महागडा पंखा मागत होते. तुम्ही पट्टी लावून दाखवलंत, की झाकणावरच्या भोकांमध्ये अंतर २४ मिलिमीटर आहे, ४० च्या पंख्याला ३२ लागतं; इथे ३० चाच बसणार. मग त्या मापाचे बॉल बेअरिंगवाले (आत छर्रे असलेले) पंखे पॉवर सप्लायला लावून, पंखा हळू आणि कमी आवाजात फिरावा म्हणून व्होल्टेज ५ वरून ३.३ वर आणलंत. ५ व्होल्टचा प्रत्येक पंखा ३.३ वर सुरू होतोच असं नाही, म्हणून एकेक थांबवून, आडवा-उभा धरून पुन्हा सुरू करून पाहिलात, मीटरवर करंट तपासलात आणि जो दर वेळी न अडखळता फिरला तोच हातात दिलात. समोर गिऱ्हाइकांची रांग होती आणि वस्तू होती थोडक्या रुपयांची. तुमचं हे वागणं मला फार मोलाचं वाटलं.

लाल वायर ३.३ व्होल्टच्या पिन १ ला, काळी ग्राउंडच्या पिन ६ ला, हे कागदावर काढून दिलंत ते बरं झालं. जीपीआयओच्या, म्हणजे प्रोग्रॅमने चालू-बंद करायच्या पिनेला पंखा थेट जोडायचा नाही, तिला एवढा भार झेपत नाही, मधे स्विचसारखा ट्रान्झिस्टर लागतो, हेही तुम्ही बजावलं होतं. झाकण आणि पंखा यांच्यामध्ये, स्क्रूंवर, तुम्ही दिलेले रबरी वायसर घातले. त्यामुळे पाती फटींपासून थोडी लांब गेली आणि शिट्टी बंद झाली.

आता एरवी तापमान ५२ अंशांच्या आसपास असतं, फाइलींचा आकार कमी (कॉम्प्रेस) करण्याचं जड काम लावलं तरी ६५ च्या आतच. एप्रिल-मेमध्ये वाढलं, तर लाल वायर तुम्ही सांगितल्याप्रमाणे ५ व्होल्टच्या पिन ४ वर नेईन.

आईने परवा कॅसेटची एक अख्खी बाजू सलग वहीत उतरवली. नारदीय कीर्तन आहे का, असं तुम्ही आवर्जून विचारलं होतं. हो, नारदीयच. पहिल्या कॅसेटीचा पेनड्राइव्ह पुढच्या आठवड्यात घेऊन येते.

आपली,
कीर्तनाच्या कॅसेटीवाली ताई