किल्ली तर तिच्याकडेच आहे!

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मालिकालेखनावरचा लेख वाचला. 'आवडत नसेल तर रिमोट तुमच्याच हातात आहे' हे त्यातलं म्हणणं आता इतकं जुनं झालंय की त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण लेखाच्या शेवटी म्हटलंय की प्रेक्षकांना हेच असलं हवं असतं, टीआरपी बघा. रोज न चुकता टीव्हीसमोर बसणारी बाई म्हणून यावर मला बोलायचंय.

टीआरपीच्या मीटरला एवढंच कळतं की घरातल्या कुणी, कोणतं चॅनल, किती वेळ लावलं होतं. त्या वेळात माणसं काय बोलत होती, ते त्याला ऐकू येत नाही. आमच्याकडे मीटर नाही. असता तर दोन बायकांनी अख्खा भाग पाहिला अशी नोंद झाली असती. प्रत्यक्षात त्या दोघी अर्धा तास लेखकाचा उद्धार करत होत्या.

माझी आई ऐंशीची आहे. चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवत नाही, पण मालिकेतल्या कुणाला कुठलं गुपित कधी कळलं याचा हिशेब मात्र तिच्याकडे चोख असतो. परवा नायिकेने दाराआडून दिराचं बोलणं ऐकलं आणि ती हादरली. तोंडावर हात, हातातून ट्रे खाली, चेहरा तीन बाजूंनी तीनदा, मागे संगीताचा दणका. आई शांतपणे म्हणाली, "हिला हे माहितीये की. दवाखान्यात त्याचं पाकीट हिनेच नव्हतं का उघडलं?" मी मोबाइलवर जुने भाग शोधले. पाकीट हिनेच उघडलं होतं, आतली चिठ्ठी वाचली होती, वर देवापुढे रडलीही होती. ते सगळं आईच्या लक्षात राहिलं, नायिकेच्या नाही!

आमची तक्रार एवढीच आहे. खलनायिका कितीही दुष्ट असू दे, आम्ही तिला आवडीने शिव्या घालू. नायकाने चुका कराव्यात, त्याशिवाय गोष्ट कशी घडणार? पण पहिल्या महिन्यात बँकेत कर्जाच्या फायली तपासणारी म्हणून दाखवलेली मुलगी सहाव्या महिन्यात कोऱ्या कागदावर सही करते, तेव्हा तिची दया येत नाही. ट्रॅक अजून चार आठवडे ओढायचाय आणि त्यासाठी हिची अक्कल काढून घेतली, हे सरळ दिसतं. तिने प्रेमापोटी सही केली असती, भीतीपोटी केली असती, अगदी थकून 'जाऊ दे' म्हणत केली असती, तरी मानलं असतं. कारण तर द्या.

लेखकांची अडचण समजत नाही असं नाही. रोजची मालिका म्हणजे रोज एक भाग, आणि शूटिंग कुणासाठी थांबत नाही. श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. मधेच संवादलेखक बदलला तर ते आम्हाला पाटी न वाचताही कळतं. कालपर्यंत तुटक बोलणारे आजोबा आज एकदम सुविचार सांगू लागतात. (आई म्हणते, आजोबांना भाषणाची बाधा झाली.) पण कुणाला काय माहीत आहे याची एक वही ठेवायला असा किती वेळ लागतो?

प्रेक्षकांचं म्हणणं ऐकल्याने मालिका बिघडते, असंही त्या लेखात सुचवलंय. 'हम लोग' आठवून बघावी. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर ती सुरू झाली, लेखक मनोहर श्याम जोशी. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा प्रचार फार झाला, लोक कंटाळले. मग तो कमी करून घरातल्या माणसांची गोष्ट पुढे आणली. मालिका दीडशेहून जास्त भाग चालली, पत्रांचा पाऊस पडला. भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. प्रेक्षकांचं ऐकून तिचं भलंच झालं. अर्थात प्रेक्षक म्हणतील ते सगळं खरं, असंही मी म्हणणार नाही. त्याच मालिकेतली भगवंती, सगळं निमूट सोसणारी आई, 'असं राहू नका' हे सांगण्यासाठी लिहिली होती. पुष्कळ बायकांनी तिलाच आदर्श मानलं.

लेखकाने स्वतःच लिहिलेलं पुसून टाकायचं ठरवलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या 'डॅलस' या मालिकेने दाखवलं. त्यातला मेलेला बॉबी १९८६ मध्ये न्हाणीघरात जिवंत उभा दाखवला आणि मधलं अख्खं वर्ष बायकोला पडलेलं स्वप्न ठरवलं. त्या वर्षी ज्यांनी डोळे पुसले त्यांचं काय? आपल्याकडे 'पाच वर्षांनंतर' अशी पाटी येते आणि हिशेब मिटतो. पोरं एका रात्रीत मोठी होतात, थोरल्यांचा एक केस पांढरा होत नाही. असो.

आम्हीही काही साधेसुधे नाही. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेतल्या नायकाच्या बायकोचा, स्कायलरचा, लोकांनी इतका राग केला की तो ती भूमिका करणाऱ्या ॲना गन हिच्यावर जाऊ लागला. २०१३ मध्ये तिला त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. नवरा अमली पदार्थ बनवतो, माणसं मारतो, त्याचं कौतुक. बायको जाब विचारते, ती नकोशी! खलनायिकेचं काम करणाऱ्या बाईंच्या फोटोखाली आपल्याकडे जे लिहिलं जातं, तेही वाचवत नाही. पात्रावर चिडावं, लेखकावर चिडावं. जी बाई दिवसभर जड दागिने घालून दिव्यांखाली उभी राहते तिने काय बिघडवलंय?

पत्र लांबलं. आपल्या लेखाचे लेखक मालिकांच्या क्षेत्रातले आहेत म्हणून आईचा एक निरोप पोहोचवते. सध्या आम्ही बघतो त्या मालिकेत मृत्युपत्र ठेवलेल्या कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून महिनाभर सगळं घर उलथंपालथं चाललंय. ती किल्ली धाकट्या नणंदेच्या निळ्या पर्समध्ये आहे. साखरपुड्याच्या भागात सासऱ्यांनीच तिच्या हातात दिली होती. कुणीतरी तिला पर्स उघडायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक