बगॅस नुसतं जाळण्यासाठी नाही

मा. संपादक,

गळीत हंगाम आला की आपल्याकडे बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचा, विषय निघतो तो ते जाळून वीज करणाऱ्या सहवीज प्रकल्पापुरता. त्यात माणसाच्या पोटाच्या कामाचंही काही आहे, यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

एक टन ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतं. त्यात निम्मं पाणी. सुक्या भागातला जवळपास पाव हिस्सा हेमिसेल्युलोज हा तंतुमय घटक, त्यातही मुख्यतः झायलान, म्हणजे झायलोज या साखरेची लांब साखळी. ते फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या शरीरात तयार होत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या काही जिवाणूंकडे असतं. साखर लहान आतड्यातूनच रक्तात उतरते. म्हणजे उसातला आपला घास आपण काढून घेतो आणि या जिवाणूंचा बॉयलरमध्ये घालतो.

चिपाड तसंच खाता येत नाही, हे उघड आहे. गुऱ्हाळावर वाळत घातलेलं चिपाड मुरगाळून बघा. हाताला कुसळं टोचतील, पण धागा तुटणार नाही. लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकानं तो जखडलेला असतो. वाफेचा दाब आणि विकरं वापरून झायलानचे बारीक तुकडे करावे लागतात. त्यांना झायलो-ऑलिगोसॅकराइड म्हणतात. चीन-जपानमध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून ते बनवून विकलेही जातात. आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया हे जिवाणू ते आंबवतात, त्यातून निघालेल्या आम्लांवर दुसरे जिवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवर जगतात.

आपल्याकडे शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान विभाग आहे, कारखाने तर हाकेच्या अंतरावर. एखाद्या सहकारी कारखान्यानं विद्यापीठाला सोबत घेऊन छोटा प्रायोगिक प्रकल्प उभारावा. झायलान काढल्यावर उरणारं सेल्युलोज आणि लिग्निन जळणाला चालतं, त्यामुळे सगळी वीज बुडेल ही भीती नको. मात्र तयार होणारी पावडर साखरेच्या आजारावरचं औषध म्हणून कुणी खपवू नये. ज्वारी-नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ याही जिवाणूंना खाऊ घालतात, आणि त्या आजही ताटात येऊ शकतात.

शेवटचा मुद्दा शेतकऱ्याचा. ऊसदराच्या 70:30 सूत्रात (70 टक्के वाटा शेतकऱ्याचा, 30 टक्के कारखान्याचा) साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, यांचं उत्पन्न धरलं जातं. उद्या बगॅसमधून अशी महागडी पावडर निघाली, तर तीही त्याच हिशेबात धरली जाईल, हे प्रकल्प सुरू होण्याआधीच लेखी ठरलं पाहिजे.

– एक ऊस उत्पादक, करवीर, जि. कोल्हापूर