कोब्याची चमक नको, खरखर मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात नवीन मासळी बाजार बांधला की पॉलिश काँक्रीटचा कोबा करतात. दिसायला छान, धुवायला सोपा, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम ताब्यात घेताना बघतात काय, तर ट्यूबलाइट त्यात दिसते का, फार तर ग्लॉस मीटर लावतात. अहो तो मीटर उजेड किती परत येतो तेवढंच सांगतो, पाय घसरेल की नाही याचं काय?

बाजारात बर्फाचं पाणी वाहतच असतं, त्यात खवलं, माशाचं तेल, पावसात छत्र्यांचं पाणी वेगळंच, आणि त्यातून बायका डोक्यावर पाटी घेऊन झिजलेल्या रबरी चपलांनी चालतात. हात पाटीला, पडली तर टेकायचं कशाने? आमच्या शेजारच्या मावशी गेल्या पावसाळ्यात अशाच पडल्या, खुबा मोडला, अजून काठीशिवाय चालवत नाही.

मी फ्लोअरिंगच्या कामात आहे म्हणून सांगतो, खरखर मोजायचं हातात धरायचं मशीन मिळतं. त्याची बारीक सुई कोब्यावरून सरकते आणि उंचवटे-खळगे मायक्रॉनमध्ये दाखवते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला आरए म्हणजे नुसती सरासरी, आरझेड बघा, तो उंचवट्याच्या टोकापासून खळग्याच्या तळापर्यंतची उंची सांगतो आणि पाण्याचा थर फोडून चपलेला पकड देतात ते उंचवटेच. ब्रिटनमध्ये साध्या पाण्याने ओल्या फरशीचा आरझेड २० मायक्रॉनच्या वर असला तर धोका कमी धरतात, १० च्या खाली गेला की जास्त. तेलकट जागेला तर २० सुद्धा पुरत नाहीत. मग ३००० ग्रिटच्या, म्हणजे अगदी बारीक पॉलिशच्या, पॅडपर्यंत घासलेल्या कोब्यात एवढी खरखर उरणार कुठून?

नुसत्या त्या आकड्यावरही जाऊ नये, जोडीला पेंड्युलम टेस्ट हवीच. लंबकाला रबर लावून ओल्या फरशीवर घासत सोडतात, फरशीने त्याला किती अडवलं त्याचा आकडा येतो, तो ३६ किंवा वर आला तर ठीक.

हे दोन्ही आकडे टेंडरमध्येच घाला. मोजणी कोरड्या कोपऱ्यात नको, मासे कापतात तिथे, नळाजवळ, दाराच्या तोंडाशी करा, आणि काही महिन्यांनी परत करा, कारण पायांनी नि खराट्याने कोबा झिजतो, वरून सीलर, म्हणजे संरक्षणाचा लेप, मारला तर उरलेले खळगेही बुजतात. रिपोर्ट ठेकेदाराच्या फाइलीत न ठेवता बाजाराच्या दारात लावा, आणि आकडा कमी आला तर तेवढा पट्टा खरखरीत करून मिळेपर्यंत बिल पास करू नका.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी