भिंती रंगवायला नको, करारनामे वाचायला माणसं पाठवा

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

कंपन्यांचे कर्मचारी सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या, निमित्ताने आदिवासी गावात येतात ते बहुधा एका दिवसासाठी. शाळेची भिंत रंगवतात, वह्या-दप्तरं वाटतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या मनात खोट नसते. पण शंभर कोटींचा ताळेबंद वाचणाऱ्या माणसाच्या हातात आपण रंगाचा ब्रश देतो, आणि त्याच गावची ग्रामसभा तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांच्या विक्रीचा, करारनामा कुणाकडून तपासून घ्यावा या विवंचनेत असते. अशा माणसांना पगारी नोकरीत ठेवूनच काही काळ ग्रामसभांच्या करार-हिशोबाच्या मदतीला पाठवावं. हे आपल्या खात्याला शक्य आहे, म्हणून हे पत्र.

जंगलावर गावाचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. आज गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक सामूहिक वनहक्क मान्य झालेले आहेत. जंगलाबरोबर कारभारही गावावर आला, आणि त्या कारभाराला लागणारी माणसं मात्र कुणी दिली नाहीत.

तेंदूचंच घ्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. फळीवर (संकलन केंद्रावर) मोजणी, मुन्शीच्या (तिथल्या कारकुनाच्या) वहीत नोंद, प्रत्येक घराची मजुरी, त्यावर रॉयल्टीची वाटणी. इतकं गावकरी चोख करतात. अडचण असते ती त्याच्या आधी आणि नंतर. लिलावाची जाहिरात कशी काढायची, अनामत किती मागायची, पैसे थकले तर व्याज किती, वाद झाला तर दाद कुठे मागायची. मग पॅन, जीएसटी, टीसीएस (विक्रीच्या वेळी गोळा करायचा आयकर), लेखापरीक्षण. २०१७ साली तेंदूचे भाव चढले, पुढच्या हंगामात कोसळले, आणि कितीतरी ग्रामसभांची रक्कम कंत्राटदारांकडे अडकली. करारातली तीन-चार कलमं धड असती तर त्यातली बरीच रक्कम हाती आली असती, असं माझं ठाम मत आहे.

मी सनदी लेखापाल आहे, सवडीने ग्रामसभांच्या हिशोबात मदत करतो. एका गावात मजुरीचं रजिस्टर पैशापर्यंत जुळणारं होतं, पण कराराची प्रत गावात नव्हती. ती कंत्राटदाराकडेच होती! अशा गावाला प्रामाणिकपणाचे धडे नकोत. कागदाच्या लढाईत बाजूला बसणारं माणूस हवं.

ऑस्ट्रेलियात ‘जावुन’ ही संस्था २००१ पासून हेच करते. क्वीन्सलंडच्या केप यॉर्क भागातून सुरुवात झाली. बँका, सल्लागार कंपन्या आणि सरकारी खात्यांतली माणसं काही आठवडे तिथल्या आदिवासींच्या संस्थांमध्ये जाऊन काम करतात, पगार मूळ नोकरीतूनच मिळतो आणि काम कोणतं ते आदिवासी संस्थाच सांगते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मुदत मात्र आपल्याकडे जास्त हवी. दर दोन महिन्यांनी नवा माणूस आला, तर गावाचा अर्धा वेळ त्याला समजावण्यात जाईल. निदान लिलावाच्या तयारीपासून शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत एकच माणूस राहावा.

आणि काही अटींवर मुळीच तडजोड होऊ नये. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कुणी जाऊ नये. गेलेल्या माणसाला बँक खात्यावर सही करण्याचा किंवा गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नसावा. ज्या कंपनीची त्या तालुक्यात खाण आहे, खाणीसाठी अर्ज आहे किंवा जी तिथला तेंदू-बांबू विकत घेते, तिचा कर्मचारी त्या तालुक्यात अजिबात नको. ज्याला उद्या गावाकडून जमिनीची संमती हवी आहे, त्याला आज गावाचे हिशोब दाखवायचे कशाला?

शहरातल्या या माणसाला गोंडी किंवा माडिया येणार नाही. म्हणून त्याच्याबरोबर गावातलाच एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी मानधनावर नेमावी. खरं तर सगळी योजना या मुलांसाठीच असावी. पाहुणा दोन हंगामांनी जाईल, वहीखातं त्यांनाच सांभाळायचं आहे. मानधनाचा पैसा कंपन्यांना नफ्यातून सीएसआरवर खर्चाव्या लागणाऱ्या दोन टक्क्यांतून यावा. कर्मचाऱ्यांचा वेळ पैशात मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, हे योग्यच आहे. तो नियम सैल करण्याची मागणी झाली तर आपण तिला विरोध करावा.

गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या तीन आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांपासून सुरुवात करता येईल. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांची महाग्रामसभाही आहे, तिच्याशी आधी बोलावं. एप्रिल-मेमध्ये तेंदू तुटतो, म्हणजे लिलावाची तयारी जानेवारीतच लागते. यंदाच्या डिसेंबरपर्यंत शासन निर्णय काढून ग्रामसभांकडून ठराव मागवावेत, ही विनंती.

आपला,
ग्रामसभांच्या हिशोबात मदत करणारा एक सनदी लेखापाल, नागपूर