माउस हातातून काढून न घेणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव इथे लिहीत नाही. नातीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला नाशिकरोडहून रविवार कारंजाजवळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात आला होतात, एवढ्यावरून तुम्हाला कळेल.

माझा उजवा हात दोन वर्षांपासून कापतो. डॉक्टरांनी त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हटलं. मांडीवर ठेवला की शांत, कामाला लावला की थरथर सुरू. टायपिंग कसंबसं निभतं, बोट बटणावर पडलं की काम झालं. माउस मात्र सावकाश सरकवून नेमक्या जागी थांबवायचा असतो, आणि ऐन क्लिकच्या वेळी बाण निसटतो. भर लग्नसराईत गणपतीचं चित्र पत्रिकेच्या मध्यावर आणायला माझी दहा दहा मिनिटं जायची. दुकानातली मुलं मायाळू आहेत, पण माझी धडपड दिसली की "ताई, द्या इकडे" म्हणून माउस काढून घ्यायची. वीस वर्षं पत्रिका जुळवल्यात मी. ते फार लागायचं.

तुम्ही माउसला हातही लावला नाहीत. शेजारी खुर्ची ओढलीत आणि डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट धरून नमलॉक दाबायला सांगितलंत. 'माउस कीज' सुरू करायच्या का, असं विचारणारी चौकट आली; मी होकार दिला, कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरपॅडवरचं ८ दाबलं, आणि बाण वर गेला! २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे, कोपऱ्यातल्या आकड्यांनी तिरका. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. वजा दाबून ५ दाबलं की राइट क्लिक, आणि परत साध्या क्लिकवर यायला भागाकाराची तिरकी रेघ. शिफ्ट धरला की बाण मुंगीच्या पावलांनी चालतो, कंट्रोल धरला की लांब उड्या मारतो.

माझं खरं अडत होतं ते चित्र ओढताना. ० दाबलं की चित्र पकडलेलं राहतं, आकड्यांनी हवं तिथे न्यायचं, टिंब दाबून सोडायचं. मध्ये बोटं उचलून हात मांडीवर ठेवला तरी चित्र सुटत नाही. हे कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, तुम्ही पाहिलं असेल.

अर्धांगवायूनंतर तुम्ही स्वतः डाव्या हाताने हे शिकलात, असं जाता जाता म्हणालात. मी नंतर वाचलं, ही सोय विंडोज ९५ पासून आहे आणि तिच्यामागे तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात असलेल्या ट्रेस सेंटरचं काम आहे. म्हणजे मी या धंद्यात आले तेव्हाही ती समोरच्या कॉम्प्युटरमध्ये होतीच. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही, याची हळहळ वाटते.

आता नंबरपॅड बाणाला दिलाय, म्हणून मुहूर्त आणि मोबाइल नंबर वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाकते. पहिले आठ दिवस हात सवयीने पॅडवर जायचा आणि बाण भलतीकडे पळायचा. आता बसलं. वेग पूर्वीच्या निम्मा आहे, पण पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी असते.

तुमच्या नातीच्या पत्रिकेची एक प्रत मी ठेवून घेतली आहे. गणपतीच्या दोन्ही बाजूंची वेलबुट्टी मी त्या दुपारी एकटीने बसवली होती. तुमची बस चुकेल म्हणून मी घाई करत होते, आणि तुम्ही म्हणालात, "होऊ दे सावकाश."

आपली,
रविवार कारंजावरची डीटीपीवाली ताई