सांगली स्टँडसमोर गाणी भरून देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि तुम्हीही माझं विचारलं नाही. तुमच्या वहीत माझी नोंद 'तासगाव, २ जीबी' अशी होती. माझ्या मोबाईलमध्ये तुम्ही 'गाणी दादा' होतात. तो नंबर आता लागत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. सांगली-मिरजेकडचं कुणी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल, एवढीच आशा.

ओळख पटावी म्हणून सांगते. २०१३ चा जून महिना. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि तासगावहून रोज एसटीनं सांगलीला यायचे. चुलतभावाच्या हळदीत वाजवायला गाणी हवी होती. तुमच्या दुकानाच्या काचेवर पिवळ्या कागदावर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' असं लिहिलेलं होतं. तीस रुपये घेतलेत, कार्ड रीडरमध्ये घातलंत आणि स्क्रीनवर पट्टी हळूहळू सरकायला लागली. ती पूर्ण झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ही हळदीची झाली. तुझ्यासाठी काय टाकू?"

मी म्हणाले, काहीपण टाका.

"काहीपण असं काही नसतं गं. तू काय ऐकतीस?"

मला उत्तरच देता आलं नाही. घरात जे लागायचं ते मी ऐकायचे. दादांचा म्हणजे वडिलांचा रेडिओ, आजीची भजनं, गणपतीत डीजे. माझं म्हणून एक गाणं नव्हतं, आणि हे मला तोवर कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही जरा थांबलात आणि विचारलंत, "गाडीत खिडकीला बसतीस का?" मी हो म्हणाले. मग एकच गाणं टाकलंत आणि रिचार्जच्या पावतीमागं निळ्या पेनानं लिहून दिलंत : 'कवलापूर गेल्यावर लावणे. मेंडोलिनकडे लक्ष. उद्या सांगणे.'

ते आर. ई. एम. या अमेरिकन बँडचं 'लूझिंग माय रिलिजन' होतं, १९९१ चं. कवलापूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या आणि मी बटण दाबलं. इंग्रजी गाणं म्हणजे नुसता धडधडाट अशी माझी समजूत होती. इथं एक बारीक तार पावसाच्या थेंबांसारखी टपटपत होती, आणि एक माणूस फार वेळ मनात धरून ठेवलेलं सांगत होता. घर येईपर्यंत मी ते चार वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं, हे धर्म सोडल्याचं गाणं आहे का? तुम्ही समजावलंत की अमेरिकेच्या दक्षिणेकडं ही एक बोलण्याची रीत आहे, आपल्याकडं डोकं फिरलं, संयम सुटला म्हणतात तशी. त्यांचा गिटारवाला मेंडोलिन नव्यानं शिकत होता आणि शिकता शिकताच ही धून त्याच्या हाताला लागली, हेही तुम्हीच सांगितलंत. मी तेव्हा हिशेबाच्या पेपरात अडकले होते. शिकता शिकता माणसाच्या हातून असं काही होतं, हे ऐकून मला किती धीर आला होता, ते आज सांगते.

इंडी म्हणजे काय, हेही तिथंच काउंटरला टेकून कळलं. "मोठ्या कंपनीच्या दारात न बसता पोरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली गाणी," असं तुम्ही म्हणाला होतात. लगेच पुढं हेही म्हणालात की आर. ई. एम.वाले पुढं मोठ्या कंपनीकडं गेले, पण त्याआधी १९८८ पर्यंतची वर्षं छोट्या कंपनीच्या रेकॉर्डी आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रं यांच्या जोरावर त्यांनी काढली. दिल्लीच्या इंडियन ओशननं २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या अल्बमची गाणी नेटवरून स्वतःच फुकट दिली होती. ती माझ्या कार्डात भरताना तुमच्या चेहऱ्यावर वेगळाच आनंद होता. "ही बँडनंच वाटलेली हायेत, मैत्रिणींना पण दे," म्हणालात. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करायचे, त्याचा पत्ता म्हणजे त्या अल्बमचं नाव. त्यात गाणारे आणि तबला वाजवणारे असीम चक्रवर्ती अल्बम बाहेर यायच्या आधीच, २००९ च्या डिसेंबरात गेले, हे सांगताना तुम्ही आवाज खाली केला होता.

त्यांचंच 'कंदीसा' तुम्ही मला पावसाळ्यात दिलंत. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी प्रार्थना, अरमाईक भाषेतली. मी म्हणाले, दादा, एक शब्द कळत नाही. तुम्ही विचारलंत, "आजी पहाटे म्हणते ते सगळं कळतं का तुला?" नव्हतं कळत. पण ती म्हणायला लागली की घर जागं व्हायचं, आणि मला ते पुरत होतं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी डोळे मिटून ते गाणं ऐकलं आणि बुधगाव कधी आलं नि कधी गेलं ते कळलं नाही.

तुमच्या अशा ४१ चिठ्ठ्या माझ्याकडं आहेत. आजीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली. शाई काही ठिकाणी उडाली आहे, पण वाचता येतात. 'जेवण झाल्यावर. मोठा आवाज नको.' 'गाणारा नाही, मागचा बेस ऐकणे.' पिक्सीज या अमेरिकन बँडच्या १९८८ च्या 'व्हेअर इज माय माइंड'वर लिहिलंय, 'हळू-मोठं-हळू. नंतर पुष्कळांनी हीच वाट धरली.' बॉन इव्हेअरच्या 'स्किनी लव्ह'वर सगळ्यात मोठी चिठ्ठी आहे, पावतीच्या दोन्ही बाजूंनी. बॉन इव्हेअर म्हणजे जस्टिन व्हर्नन नावाचा माणूस. तो आधीचा बँड मोडल्यावर, आजारातून उठल्यावर, २००६ च्या थंडीत विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत जाऊन राहिला. तिथं एकट्यानं गायला, स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा आवाज चढवत गेला, आणि पुढच्या वर्षी अल्बम स्वतःच काढला. खाली तुम्ही लिहिलंत, 'एवढी माणसं गातात असं वाटतं ना? एकच आहे.' ही ओळ मी किती वेळा वाचली असेल.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मला मिरजेत दाखवलीत. तुमचे मामा सतारी-तंबोरे करायचे. मी आणि माझी मैत्रीण एकदा त्यांच्या कारखान्यात आलो होतो. दारात भोपळे वाळत पडले होते आणि आत लाकडाचा, लाखेचा वास होता. मामांनी एका नव्या तंबोऱ्याची तार छेडली. आवाज आला, पण कोरडा, थेट. मग त्यांनी घोडीवर, तार टेकते तिथं, सुताचा एक तुकडा तारेखाली घातला आणि नखानं केसभर पुढं सरकवला. पुन्हा छेडली. दादा, ते मी अजून विसरलेले नाही. तीच तार, तोच हात, आणि खोलीभर सूर उमलत गेला, एका आवाजातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मामा म्हणाले, या सुताला जीव म्हणतात. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "गाण्यात हा कुठं सरकवलाय ते शोधायचं. तेवढंच करायचं."

तेव्हापासून मी तेवढंच करते.

परत येताना तुम्ही मला व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं 'व्हीनस इन फर्स' ऐकवलंत. न्यूयॉर्कचा बँड, १९६७ चा पहिला अल्बम. त्यात जॉन केल व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, असा वाजवतो की खालून एक सूर सतत घासत राहतो, तंबोऱ्यासारखा. हा केल आधी ला मॉन्टे यंग नावाच्या संगीतकाराच्या गटात होता आणि तिथं ते एकच सूर तासन् तास धरून ठेवायचे. तो यंग पुढं १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे. आणि किराणा म्हटलं की अब्दुल करीम खाँसाहेब आले, जे आपल्या मिरजेत राहिले आणि ज्यांच्या नावानं दर्ग्यात उरुसाला अजून गाणं होतं. मिरज-सांगली रस्त्यावरच्या वडापमध्ये, चौघांच्या सीटवर सहा जण बसलेले असताना, तुम्ही ही साखळी बोटांवर मोजून दाखवलीत. जग एवढं जवळ आहे, हे मला शाळेच्या भूगोलानं कधी दाखवलं नव्हतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं, तेव्हा मला आधी ते सूत आठवलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, ते.

एका वर्षी अवकाळीनं आमची बाग गेली. माल काढणीला आला होता. घड फुटले, दोन दिवसांत बागेत आंबूस वास सुटला. वडील बोलायचे बंद झाले. जेवायला बसायचे, उठायचे, ओसरीवर जाऊन बसायचे. रेडिओ लावणंही सोडलं. मी तुमच्याकडं आले ते नेहमीसारखी, पण तुम्ही तोंडाकडं बघून विचारलंत आणि मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही बराच वेळ माऊस हलवत राहिलात. मग एक गाणं टाकलंत, रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडचं 'नो सरप्रायझेस', १९९७ चं, आणि लिहिलंत : 'अंगाईसारखं वाटतं, पण दमलेल्या माणसाचं आहे. एकटीनं ऐकू नको. कुणीतरी शेजारी असू दे.'

त्या रात्री मी इअरफोनची एक बाजू वडिलांच्या कानात घातली, एक माझ्या. ते काही म्हणाले नाहीत. सुरुवातीला ती बारीक घंट्यांसारखी धून येते, देवळात लहान मुलानं हळूच घंटा वाजवावी तशी. वडिलांनी मान जराशी वाकडी केली. आवाज कानात नीट यावा म्हणून ते रेडिओजवळ तशीच मान करायचे. गाणं संपल्यावर विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हणाले, म्हणतोय की आता नवा धक्का नको. जरा निवांत असू दे.

"खरं हाय त्याचं," वडील म्हणाले. आणि मग बोलायला लागले. औषधांची उधारी, सोसायटीचं कर्ज, बाग ठेवायची की मोडायची, सगळं. रात्री दीडपर्यंत. आई आतून येऊन उंबऱ्यात बसली होती. दादा, त्या रात्री काय टळलं की काहीच टळणार नव्हतं, हे मला ठाऊक नाही. पण तुम्ही 'कुणीतरी शेजारी असू दे' लिहिलं नसतं, तर मी ते गाणं पांघरुणात एकटीच ऐकलं असतं आणि वडील ओसरीवर तसेच बसून राहिले असते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, ऐकलंस का, तर मी नुसतं हो म्हणाले. त्याचे आभार आज मानते. वडिलांच्या वतीनंही. बाग आम्ही ठेवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ वर गेलं. मी तेव्हा तासगावला बेदाण्याच्या एका अडत दुकानात हिशेब बघत होते. पाणी उतरल्यावर सांगलीला आले. तुमचं काउंटर रस्त्यावर काढलेलं होतं, मोबाईलची कव्हरं दोरीवर वाळत होती, आणि तुम्ही कॉम्प्युटरचा डबा उलटा धरून उभे होतात. त्यातून तांबडं पाणी पडत होतं. अवतीभवती माणसं होती. मला वाटलं, आत्ता नको, पुढच्या आठवड्यात निवांत येऊ. मला यायला तीन आठवडे लागले. शटर खाली होतं. दिवाळीला तिथं दुसरी पाटी दिसली. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. तो डबा धरायला तुमच्याबरोबर दोन हात लावायला हवे होते. मला माफ करा.

आता माझ्याकडून तीन गाणी घ्या. तुम्ही नेहमी म्हणायचात, घेतलंस तर दे पण.

आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचा २००२ चा अल्बम ऐका. नाव म्हणजे नुसते दोन कंस, आठ गाणी, एकालाही नाव नाही, आणि सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी. शब्दही कुठल्या भाषेतले नाहीत, त्यांनी स्वतः जुळवलेले. मधोमध ३६ सेकंद शांतता आहे, ती पुढं ढकलू नका. केरळच्या अवियल बँडचं 'नडा नडा', २००८ चं, मल्याळममध्ये. हे दुपारी, कामात झोप यायला लागली की. आणि मुंबईच्या अभंग रिपोस्ट बँडचं काहीही लावा, गिटार आणि बेसवर संतांचे अभंग. पण हे आजीनं माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं, तेव्हा तुम्हीही घरातलं कुणी मोठं माणूस जवळ बसवा. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिनं ते 'परत लाव' म्हणून तीनदा ऐकलं होतं.

एक शेवटचं. तुमचा सगळा साठा त्या डब्याबरोबर गेला असणार. माझं २ जीबीचं कार्ड अजून चालतं आणि चिठ्ठ्यांवरची ४१ च्या ४१ गाणी त्यात आहेत. गेल्या आठवड्यात एकेक लावून तपासली. तुमच्यासाठी नवं कार्ड आणून ठेवलंय. निरोप द्या, भरून देते.

तुमची,
तासगाव, २ जीबी